घरबसल्या नर्स होता येतं का?

"बारावीनंतर घरबसल्या बीएस्सी नर्सिंग करा, थेट स्टाफ नर्स व्हा" हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. नोकरी, संसार सांभाळणाऱ्या कुणालाही तो खरा वाटावा असाच आहे. शिवाय त्यात अर्धं सत्यही आहे.

पण आधी खोटं काय ते पाहू: आपल्याकडे नर्सिंगची पहिली पायरी दूरशिक्षणाने चढता येत नाही. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) २ वर्षांचं, जीएनएम (सामान्य परिचर्या आणि प्रसूतिविद्येची पदविका) ३ वर्षांचं, बेसिक बीएस्सी (बारावीनंतरची नर्सिंगची पदवी) ४ वर्षांची. तिन्ही नियमित हजेरीचे. सलाईन लावणं, प्रसूती हाताळणं वॉर्डातच शिकावं लागतं.

मग अर्ध्या सत्यातलं दूरशिक्षण आलं कुठून? पोस्ट बेसिक बीएस्सीमधून. ही पदवी जीएनएम होऊन आधीच नोंदणी झालेल्या, सेवेतल्या परिचारिकांसाठी असते. नियमित केली तर २ वर्षं, दूरशिक्षणाने किमान ३. त्यातही ठरवून दिलेल्या केंद्रावर आणि रुग्णालयात प्रात्यक्षिकं करावीच लागतात. ड्यूटी लावणाऱ्या मेट्रनशी आधी बोलून ठेवलेलं बरं!

हॉस्पिटल मॅनेजमेंटसारखी पदवीही दूरस्थ मिळते. ती उपयोगी असेल, पण तिच्यावर नर्स म्हणून नोंदणी होत नाही.

पडताळायचं कसं? फी भरण्याआधी संस्थेकडे, तुम्ही प्रवेश घेताय त्याच सत्राचं, अभ्यासक्रमाचं परवानगीपत्र मागा. जुनं चालत नाही. मग राज्याच्या परिचर्या परिषदेला (नर्सिंग कौन्सिलला) एकच प्रश्न लेखी विचारा: या पदवीची माझ्या नोंदणीत भर पडेल का? शेवटी, प्रात्यक्षिकं कोणत्या रुग्णालयात, हे नावानिशी विचारा. "प्रॅक्टिकल नाहीच" असं उत्तर आलं, तर पुढचं काही विचारायला नको.