सार्थकता चाचणीचा गैरवापर (वैद्यकीय चाचण्यांतील)

रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष मांडताना पी-मूल्य जे सांगू शकत नाही, तेच त्यातून वाचणे. दोन उपचारांत मुळात काहीच फरक नाही असे धरले, तर हाती आला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता पी-मूल्य दर्शवते. औषधाचा गुण किती, हे त्यातून कळत नाही. पी-मूल्य 0.05 च्या खाली आले की फरक ‘सार्थक’ मानतात; ही मर्यादा संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी 1925 मध्ये सोयीची म्हणून सुचवली. पुढे तिची लक्ष्मणरेषा झाली.

सर्वांत घातक चूक म्हणजे प्रत्येक गटाची ‘आधी-नंतर’ तुलना स्वतंत्रपणे करून थांबणे. समजा, कोल्हापुरातील एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधासाठी उच्च रक्तदाबाच्या 40 रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने 20-20 चे दोन गट पाडले. नव्या औषधाने वरचा रक्तदाब सरासरी 8 मिमी उतरला, जुन्याने 5 मिमी. या बदलाचे प्रमाण विचलन (रुग्णारुग्णांतल्या तफावतीचे माप) दोन्हीकडे 14. नव्या गटाचे पी-मूल्य 0.02 येते, जुन्याचे 0.13, आणि ‘नवे औषध सरस’ असा निष्कर्ष लिहिला जातो. गट थेट एकमेकांशी ताडले, तर फरक अवघा 3 मिमी. 95 टक्के विश्वास्यता अंतराल, म्हणजे आकड्यांशी सुसंगत अशा खऱ्या फरकांचा पट्टा, उणे 6 ते अधिक 12, पी-मूल्य 0.50. ज्या तुलनेसाठी रुग्णांनी संमती दिली, तीच अहवालात नसते. हा रुग्णांवर अन्यायच आहे. अर्थात, ‘दोन्ही औषधे सारखीच’ हेही याच आकड्यांतून सिद्ध होत नाही, कारण 12 मिमीचा फायदा अजून शक्यतेत आहे.

उपचारापूर्वीचे वय, वजन यांच्या तक्त्यात पी-मूल्यांचा रकाना घालणेही निरर्थक ठरते. विभागणी चोख असेल, तर तिथला फरक योगायोगाचाच असतो. चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत हे सांगणाऱ्या 2010 च्या कन्सॉर्ट मार्गदर्शिकेत तो टाळण्यास सांगितले आहे.

रुग्णांचे वय, लिंग अशा निकषांवर उपगट पाडून प्रत्येकाची वेगळी कसोटी घेण्याचा मोह मोठा. औषध निष्प्रभ असले, तरी 20 स्वतंत्र कसोट्यांत निदान एक ‘सार्थक’ निघण्याची शक्यता 64 टक्के असते. 1988 च्या आयसिस-2 चाचणीत हृदयविकाराच्या झटक्याच्या 17,187 संशयित रुग्णांमध्ये अ‍ॅस्पिरिनने मृत्यू स्पष्टपणे घटले. संशोधकांनी मुद्दाम जन्मराशींनुसार उपगट पाडले, तेव्हा मिथुन व तूळ राशींच्या रुग्णांना तेच औषध किंचित अपायकारक दिसले.

भारतात 15 जून 2009 पासून औषधचाचण्यांची सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत पूर्वनोंदणी बंधनकारक झाली. आधी नोंदवलेली मुख्य निष्पत्ती (ज्या परिणामावर औषध जोखायचे तो) आणि प्रसिद्ध झालेली निष्पत्ती एकच आहे का, हे त्यामुळे वाचकाला पडताळता येते. संख्याशास्त्रज्ञाला मात्र पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वीच गाठावे लागते. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्र अधिविभाग आहे.