ब्लोअर फक्त चारवरच चालतोय? रजिस्टन्स नेण्याआधी एवढं वाचा

उन्हाळा लागला की आमच्या काउंटरवर एकच तक्रार येते. "गाडीच्या एसीचा पंखा एक-दोन-तीनवर मेलाय, चारवर मात्र सुसाट सुटतोय." व्हिडिओ बघून आलेले असता, पार्टचं नाव पाठ असतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तुमचं निदान बरोबरच निघतं. ब्लोअरचा, म्हणजे त्या पंख्याचा, रजिस्टन्स गेलेला असतो. तो घरच्या घरी बदलता येतो, त्यासाठी गाडी दिवसभर वायरमनकडे लावायची गरज नाही. आम्ही असं सांगतो म्हणून लाईनीतले एक-दोन मेस्त्री आमच्यावर नाराज आहेत, पण असो.

अडचण पुढे आहे. त्यातलेच काही जण पंधरा दिवसांनी जळालेला नवा पार्ट घेऊन येतात आणि चार लोकांत म्हणतात, "डुप्लिकेट दिलात."

आधी हा पार्ट काय करतो ते बघा. एक, दोन, तीन या स्पीडला मोटरचा करंट रजिस्टन्सच्या तारेतून जातो, म्हणून पंखा हळू फिरतो. अडवलेल्या करंटची उष्णता होते आणि ती त्या तारेत साठते. चारवर करंट या तारेला वळसा घालून सरळ मोटरला मिळतो, म्हणून रजिस्टन्स गेला तरी चार चालतो. तार थंड राहावी म्हणून कंपनीने हा पार्ट ब्लोअरच्या हवेच्या वाटेतच बसवलाय. म्हणूनच "आधी चालतो का बघू" म्हणून तो बाहेर लोंबकळत ठेवून एक नंबरवर पंखा लावू नका. वारा नाही, की पाच मिनिटांत नवा पार्ट गेला.

पंखा कुठल्याच स्पीडला चालत नसेल तर रजिस्टन्स मागू नका. आधी फ्यूज आणि रिले बघा. ग्लोव्ह बॉक्सच्या खालून मोटरला टिचकी मारल्यावर पंखा सुरू होत असेल, तर मोटरचे ब्रश (आतले घासणारे कार्बनचे तुकडे) संपलेत. आणि ज्या गाडीत डिजिटल पडद्यावर आकडा टाकून तापमान ठरवता येतं, तिथे बहुधा रजिस्टन्सऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. ती गाडी तशीच दुकानात आणा.

आता ज्या चुकीपायी तुमचा आणि आमचा वेळ जातो ती. जुना पार्ट काढून नवा खोचता, पण कपलर, म्हणजे पार्टच्या पिनांवर बसणारा वायरींचा प्लॅस्टिकचा जोड, बघत नाही. कपलर उजेडात धरा. एखाद्या पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालंय का, कड वितळून ओघळलीय का, नाकाजवळ नेल्यावर जळका वास येतो का? आतली पितळी पकड तापून सैल झालेली असते. नवी कोरी पिन तिच्यात ढिली बसते. ढिलं बसलं की तापतं, तापलं की आणखी ढिलं होतं, आणि ती आच थेट नव्या पार्टच्या पिनेवर जाते. वायरसकट नवा कपलर रजिस्टन्सच्या चौथ्या हिश्श्यात मिळतो. तोही घ्या. जोड मात्र वायरी पिळून काळी टेप गुंडाळून करू नका, सोल्डर करून स्लीव्ह चढवा. हत्यार नसेल तर आमच्याकडे बसल्या बसल्या करून देतो. पार्ट आमच्याकडून घेतला असेल तर मजुरी नाही.

गेल्या उन्हाळ्यात मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या व्यापाऱ्यांची गाडी आली. दोन महिन्यांतला तिसरा रजिस्टन्स, त्यातले दोन आमचेच. आवाज चढलेला होता. ग्लोव्ह बॉक्स उतरवून केबिन फिल्टर ओढला तर तो पिवळाजर्द, झटकला तर आमचा काउंटर पिवळा. पंख्याची पाती हाताने फिरवली तर दोन फेऱ्यांतच अडली. फिल्टर तुंबला की वारा कमी, म्हणजे रजिस्टन्सला थंडावा नाही. मोटर जड झाली की ती करंट जास्त ओढते. दोन्हीकडून मार त्या बिचाऱ्या तारेवरच. मोटर आणि फिल्टर बदलले, त्यानंतर ते फक्त हॉर्न घ्यायला आले. जत तालुक्याकडच्या धुरळ्यात फिरणाऱ्या गाड्यांची तऱ्हाही अशीच.

बदलायचं असं: चावी काढा, दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि थोडं थांबा. बहुतेक छोट्या गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली येतो. मागे हवेच्या डब्यावर दोन स्क्रूंनी बसवलेला असतो तो रजिस्टन्स. नुकताच पंखा चालवला असेल तर हात लावू नका, चटका बसतो. कपलर वायर धरून ओढू नका, खटका दाबून काढा. पिवळ्या कपलरच्या वायरींना बोटही लावू नका, त्या एअरबॅगच्या आहेत. बसवून, बॅटरीची वायर परत जोडून झालं की तीनवर दहा मिनिटं चालवा आणि कपलरला हात लावा. कोमट असेल तर चालेल, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा.

फ्यूज उडत असेल तर पिवळ्या वीस अँपिअरच्या जागी हिरवा तीसचा खोचून आमच्याकडे येऊ नका. फ्यूज वाचेल, वायरिंग जाईल. 2019 किंवा 2021 च्या कृष्णेच्या पुरात गाडीत पाणी शिरलं असेल तर ते आधीच सांगा. अशा कपलरच्या पिना आतून हिरव्या निघतात, मग बोलणं वेगळं होतं.

बसवलेला इलेक्ट्रिकल पार्ट आम्ही परत घेत नाही. हे काहींना कडक वाटतं. पण एकदा खोचलेला पार्ट तुमच्या गाडीत जळाला की मुळात खराब होता, ते नंतर कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पार्ट देतानाच तुमच्यासमोर मीटर लावून दाखवतो आणि बिलावर तसं लिहितो. मोटर किती अँपिअर ओढते तेही क्लॅम्प मीटरवर फुकट बघून देतो, पाच मिनिटांचं काम आहे.

येताना जुना पार्ट आणि आरसी सोबत आणा. एकाच मॉडेलला दोन साली वेगवेगळ्या पिनांचे कपलर येतात, फोनवर "स्विफ्टचा द्या" म्हणून भागत नाही. दुपारी दीड ते साडेतीन जेवणाची सुट्टी असते.