इंदूरच्या काळ्या मातीतलं लॉन: काम देण्यापूर्वी हे वाचा

लॉनची निगा राखण्याच्या कामासाठी आम्हाला येणारे बहुतेक फोन एकाच मागणीने सुरू होतात: "लॉन पिवळं पडलंय, एखादं चांगलं खत टाकून द्या." खत टाकायला दहा मिनिटं लागतात. पण त्याआधी आमचा माणूस खुरपं घेऊन दोन-तीन ठिकाणी चार बोटं खणून बघेल, त्याला खणू द्या. गवताचं दुखणं बहुतेक वेळा तिथे, खाली असतं.

माळव्याची काळी माती गव्हाला, सोयाबीनला सोनं आहे. लॉनला ती जड जाते. पावसाळ्यात फुगते, पाणी मुरू देत नाही, मुळांचा श्वास कोंडतो. मे महिन्यात तीच माती आक्रसून बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मुळं तुटतात. नव्या कॉलन्यांमध्ये तर आणखी एक भानगड असते. बिल्डरने मलब्यावर दोन इंच माती पसरून वर गवताचे गालिचे अंथरलेले असतात. खाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे. अशा जागी कितीही युरिया ओता, गवत पंधरा दिवस हिरवं दिसेल आणि पुन्हा तेच. या कामाला आम्ही आधीच सांगतो की माती बदलावी लागेल, आणि तो खर्च वेगळा असतो.

जिथे माती बरी आहे पण घट्ट झाली आहे, तिथे वर्षातून एकदा, रंगपंचमी उरकल्यावर, आम्ही गवत बारीक कापतो, वाळलेलं पंजाने ओरबाडून काढतो, फोर्कने चार इंच खोल भोकं पाडतो आणि त्यांत नदीची वाळू व जुनं कंपोस्ट भरतो. आठ-दहा दिवस लॉन भादरल्यासारखं दिसतं. घाबरू नका. हे काम डिसेंबरात करा म्हणून कोणी सांगत असेल तर त्याला नकार द्या. थंडीत हरळी, म्हणजे लॉनचं हे दूर्वांचं गवत, झोपलेली असते, तिला सावरता येत नाही. जानेवारीतला तिचा पिवळेपणाही रोग नाही, त्यावर पैसे घालवू नका.

दारावर ट्रॉली घेऊन येणाऱ्या शेणखताबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण निम्मी भांडणं तिथून सुरू होतात. खत स्वस्त असतं, पण बरेचदा नीट कुजलेलं नसतं. त्यातून तणाचं बी येतं, मोथा या चिवट तणाच्या गाठी येतात, आणि अर्धवट कुजलेल्या शेणावर हुमणी (मुळं खाणारी अळी) व वाळवी पोसली जाते. मूठभर खत हातात घ्या: ऊब लागली किंवा शेणाचा वास आला तर परत पाठवा. मोथा एकदा शिरला की उपटून जात नाही. वरचा दांडा हातात येतो, गाठी जमिनीत राहतात आणि एकाच्या जागी चार कोंब फुटतात. त्याला हॅलोसल्फ्युरॉनसारखं, लॉनला धक्का न लावणारं तणनाशक लागतं, तेही पुन्हा-पुन्हा. ग्लायफोसेट हे सरसकट सगळं मारणारं तणनाशक मारलंत तर मोथ्याबरोबर लॉनही जाईल.

कापणीबद्दल आमचा ग्राहकांशी नेहमी वाद होतो. "एकदम बारीक करा, म्हणजे महिनाभर बघायला नको." पैसे वाचवण्याचा हा हिशेब उलटा पडतो. रंगपंचमीनंतरचं ते एक काम सोडलं तर एका वेळी पानाच्या उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. हरळी एरवी एक-दीड इंच, मे महिन्यात दोन इंच ठेवा. उंच गवताची सावली मातीवर पडते आणि भेगा कमी पडतात. पावसाळ्यात दर आठवड्याला, थंडीत तीन आठवड्यांनी कापणी पुरते. पाऊस पडून गेल्या गेल्या मशीन घालायचं नाही, चाकं रुततात आणि माती अजून दबते. कापलेल्या पानाचं टोक फाटून पांढरं पडलेलं दिसलं तर मशीनचं पातं बोथट आहे, मग ते आमचं का असेना.

पाण्याचंही तसंच. रोज संध्याकाळी पाइप धरून दहा मिनिटं शिंपडलं की वरचं बोटभर भिजतं आणि मुळं तिथेच घोटाळतात. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, पहाटे, भरपूर द्या. लॉनवर सपाट तळाचे दोन-तीन डबे ठेवा. पाऊण इंच पाणी साचलं की बंद. 500 चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे जवळपास 1,200 लिटर होतात. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सत्तर-एक किलोमीटर वर चढवून शहरात आणलं जातं, ते गवतावर ओतताना आम्हालाच संकोच वाटतो. एसीचं पाणी चालेल. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी नको, त्यातल्या सोडियममुळे काळी माती आणखी घट्ट होते. मे महिन्यात लॉन थोडं तपकिरी झालं तर होऊ द्या, पहिल्या दमदार पावसात हरळी परत येते.

जुलै-ऑगस्टमध्ये साळुंक्या आणि कावळे लॉनमध्ये चोच खुपसत असतील, आणि गवत चटईसारखं उचलून हातात येत असेल, तर खाली हुमणी आहे. तेव्हा ताबडतोब कळवा. ओल्या जमिनीत कंपोस्टबरोबर मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी दिली तर अळ्या लहान असतानाच आवरतात.

युरियाचं प्रमाण 100 चौरस फुटांना फार तर 100 ग्रॅम, आणि लगेच पाणी. "मुठीने अंदाजे" टाकणाऱ्या माळ्यामुळे जे चट्टे पडतात ते बुजायला महिना जातो.

आम्हाला काम द्या किंवा दुसऱ्या कोणाला, काही गोष्टी आधी विचाराच. मशीन आधीच्या घरून आल्यावर धुतात का? मोथ्याच्या गाठी आणि तणाचं बी चाकांना चिकटून घरोघर फिरतात. पेट्रोल, खत, औषध महिन्याच्या पैशांत धरलं आहे की वेगळं? नेहमीचा माणूस सुट्टीवर गेला तर कोण येणार? वर्षभराचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला देऊ नका, आम्हालाही देऊ नका. महिना संपल्यावर द्या. आणि 200 चौरस फुटांपर्यंतचं अंगण असेल तर तुमचा नेहमीचा माळी आणि हाताने ढकलायचं मशीन पुरेसं आहे. आमच्या गाडीचा फेराही त्यात परवडत नाही.

मुंज, डोहाळजेवण किंवा सत्यनारायण लॉनवर ठेवणार असाल तर दोन दिवस आधी पाणी बंद करा आणि सतरंज्या, प्लास्टिक त्याच रात्री उचला.

गणपतीच्या दिवसांत बरीच घरं लॉनमधूनच दूर्वा खुडतात. तणनाशक मारलेल्या जागेतल्या दूर्वा पूजेला घेऊ नका, आणि तिथलं कापलेलं गवत गाईलाही घालू नका. जुलैत फवारणी ठरवतानाच सांगा, आम्ही एक कोपरा दोरी लावून मोकळा सोडू.