कोलिजनचा आकडा आला कुठून

लिनक्सवर आयएफकॉन्फिग (नेटवर्क कार्डाचे आकडे दाखवणारी कमांड) मारलं की टीएक्सच्या, म्हणजे पाठवलेल्या डेटाच्या, ओळींत शेवटी कोलिजन्स, म्हणजे टकरा, शून्य असं दिसतं, आणि ते इतकी वर्षं शून्यच दिसत आलंय की आता शिकणाऱ्या पोरांना वाटतं ही जागा उगाच ठेवलीय. परवा इथे इंदूरात, रामबागेत घरी, भाच्यानं हेच विचारलं, मामा हा आकडा कधी वाढतो तरी का. वाढायचा, आणि थोडाफार वाढला तर ते नेटवर्क धडधाकट असल्याचंच लक्षण असायचं. हे त्याला पटेना, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

मूळ हवाई विद्यापीठात आहे. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या मंडळींनी 1971 मध्ये अलोहानेट चालू केलं, बेटांवरची टर्मिनल्स रेडिओवरून मुख्य कॉम्प्युटरशी बोलायची, आणि दोघं एकदम बोलले की दोघांचंही पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, वाया जायचं, मग थोडं थांबून परत पाठवायचं. अब्रॅमसनचा त्यावरचा पेपर वाचून झेरॉक्सच्या पार्क लॅबमध्ये बॉब मेटकाफनं 22 मे 1973 ला एक मेमो लिहिला आणि डेव्हिड बॉग्जबरोबर जे बनवलं ते इथरनेट, वेग 2.94 मेगाबिट. फरक असा की इथे बोलायच्या आधी तारेवर कोणी बोलतंय का ते ऐकायचं आणि बोलतानाही ऐकत राहायचं, टक्कर झाली की लगेच गप्प बसायचं आणि रँडम वेळ थांबून परत प्रयत्न करायचा. म्हणजे टक्कर हा बिघाड नव्हताच, तार कोणी कधी वापरायची हे ठरवायची ती रीतच होती. माझ्या मते सगळा गैरसमज इथूनच आहे, कारण पुढे कमांडच्या आउटपुटमध्ये हा आकडा एरर्सच्या शेजारी जाऊन बसला आणि लोक त्याला एरर समजायला लागले.

आकडे मोजायची सवयही तिथलीच. 1980 मध्ये झेरॉक्सच्याच दोघांनी आपल्या चालू नेटवर्कची मोजणी छापली, मशीन्स साधारण 120, आणि निघालं काय तर 99.18 टक्के पॅकेट्स काही न थांबता गेली, 0.79 टक्के दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघत थांबली, आणि टक्कर झाली ती फक्त 0.03 टक्क्यांची. त्याच वर्षी डेक, इंटेल आणि झेरॉक्सनं मिळून 10 मेगाबिटचं स्पेसिफिकेशन काढलं, आणि ड्रायव्हरमधले (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामातले) बहुतेक काउंटर कळायला त्यातले तीन आकडे पुरतात. पहिला 64 बाइट, सगळ्यात छोटी फ्रेम (तारेवर जाणारं पॅकेट), म्हणजे 512 बिट, 51.2 मायक्रोसेकंद, टक्कर व्हायचीच तर एवढ्या वेळात झाली पाहिजे, नंतर झाली तर ती लेट कोलिजन, म्हणजे तार प्रमाणाबाहेर लांब आहे नाहीतर कोणीतरी नियम मोडतंय. दुसरा 16, एवढ्या वेळा टक्कर झाली की कार्ड ते पॅकेट सोडून देतं. तिसरा 1023, कारण थांबायची वेळ त्या 51.2 मायक्रोसेकंदांच्या पटीत मोजतात, दर टकरीगणिक तिची रेंज दुप्पट होते आणि दहाव्या टकरीनंतर तिथेच अडकते. लिनक्सच्या आत अजूनही टीएक्स अबॉर्टेड आणि टीएक्स विंडो नावाचे काउंटर आहेत, अबॉर्टेड म्हणजे ते 16 प्रयत्न संपलेले, विंडो म्हणजे त्या 51.2 मायक्रोसेकंदांच्या खिडकीबाहेरची टक्कर.

आता मजा चिप्सची. ड्रायव्हर स्वतः तारेवर काही बघत नाही, चिप सांगेल तेवढंच त्याला कळतं. एएमडीची लान्स चिप फक्त इतकं सांगायची की एकदाच परत पाठवावं लागलं किंवा एकापेक्षा जास्त वेळा, नेमकं किती ते नाहीच. मग बीएसडी या युनिक्सच्या ड्रायव्हरमध्ये एकदा असेल तर एक मिळवायचा आणि जास्त वेळा असेल तर सरळ दोन, शेजारी कॉमेंट की खरा आकडा माहीत नाही. त्या काळी लोक तोच आकडा टोटल धरून टक्केवारी काढायचे! नॅशनल सेमिकंडक्टरची 8390, जी एनई2000 कार्डांवर सगळीकडे असायची, तिच्यात तीन काउंटर होते, अलाइनमेंट एरर (शेवटचा बाइट अर्धवट राहिलेली फ्रेम), सीआरसी एरर (तपासणीचा आकडा न जुळलेली फ्रेम) आणि बफर नसल्यानं हुकलेली पॅकेट्स, तिन्ही 8 बिटचे आणि 192 ला जाऊन थांबणारे, ड्रायव्हरनं वेळेत वाचले नाहीत तर पुढचं सगळं हरवलं. म्हणून जुने आकडे बघताना आधी कार्ड कोणतं होतं हे विचारावं असं मी म्हणतो.

आपल्याकडे मी हे पाहिलं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी, सियागंजातल्या एका पेढीत. काळी पातळ कोॲक्स केबल, प्रत्येक मशीनमागे टी, दोन्ही टोकांना 50 ओहमचा टर्मिनेटर, आणि लांबी 185 मीटरच्या आत. झाडूवाल्याचा धक्का लागून एका टोकाचा टर्मिनेटर निघाला की सगळे ओरडायचे "नेट बैठ गया". होतं काय की उघड्या टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि कार्डाला ती टक्करच वाटते, म्हणजे कोणी दुसरं बोलत नसतानाही 16 च्या 16 प्रयत्न फुकट. तेव्हा नेटस्टॅट या आकडे दाखवणाऱ्या दुसऱ्या कमांडमध्ये कोलिजन आणि आउटपुट एरर दोन्ही एकदम चढायचे, आणि तिथे मला पहिल्यांदा कळलं की एकटा कोलिजनचा आकडा काही सांगत नाही, बरोबरच्या आकड्याशी जोडीनं वाचला तरच बोलतो. लान्समध्ये तर टक्कर किती वेळानं जाणवली हेही मोजलं जायचं, त्यावरून केबल किती मीटरवर तुटलीय याचा अंदाज निघायचा.

मग 1990 मध्ये ट्विस्टेड पेअरचं 10बेस-टी आलं, तार बदलली पण हबमध्ये, म्हणजे सगळ्या तारा नुसत्या जोडणाऱ्या डब्यात, सगळे अजून एकाच गल्लीत. खरा बदल प्रत्येक मशीनला वेगळी गल्ली देणाऱ्या स्विचनं केला, पहिला इथरनेट स्विच कल्पना नावाच्या कंपनीचा, तोही 1990 चाच, ती कंपनी सिस्कोनं 1994 मध्ये घेतली. 1997 मध्ये फुल डुप्लेक्स स्टँडर्डमध्ये आलं, जायची वाट वेगळी यायची वेगळी, टक्कर होणार कुठे. 2002 च्या 10 गिगाबिटमध्ये तर हाफ डुप्लेक्स, म्हणजे आळीपाळीनं बोलणं, ठेवलंच नाही. काउंटर मात्र राहिला, कारण लिनक्स हे आकडे ज्या प्रॉक फाइलसिस्टिममधून दाखवतं तिथला कॉलम काढला तर त्यावर चालणारी जगभरातली स्क्रिप्ट्स मोडतील. (बाइट्सच्या काउंटरचं वेगळंच झालं, 32 बिटचा काउंटर गिगाबिटवर 34 सेकंदांत भरून परत शून्यावर यायचा, म्हणून 64 बिट आले.)

आणि तरी तो आकडा मेलेला नाही. ऑटोनिगोशिएशन, म्हणजे दोन्ही टोकांनी वेग आणि डुप्लेक्स आपसात ठरवणं, 1995 च्या फास्ट इथरनेटबरोबर (100 मेगाबिट) आलं, आणि एका बाजूला कोणी हातानं 100 फुल लावलं, दुसरी ऑटोवर राहिली, तर दुसरीला वेग कळतो पण डुप्लेक्स कळत नाही, ती नियमाप्रमाणे हाफ धरते. मग हाफवाली बाजू कोलिजन आणि लेट कोलिजन मोजते, फुलवाली बाजू तुटक्या फ्रेम्स आणि सीआरसी एरर मोजते, पिंग तर व्यवस्थित चालतो आणि मोठी फाइल रडतखडत जाते. भाच्याच्या ऑफिसातल्या एका जुन्या प्रिंट सर्व्हरवर नेमकं हेच निघालं, सर्व्हरवर कोलिजन शून्य, फक्त फ्रेमचा कॉलम चढत होता, आणि त्याच केबलच्या दुसऱ्या टोकाला स्विचच्या पोर्टवर लेट कोलिजन्स हजारांनी.