‘नो कॉस्ट ईएमआय’ बिनव्याजी नसतो

दिवाळीचे सेल लागले की एक वाक्य हमखास कानावर येतं: “व्याज लागतच नाही, मग हप्त्यावर घ्यायला काय हरकत?” हे खरं नाही. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट बजावलं होतं.

क्रेडिट कार्डावर साधारण होतं ते असं. ३०,००० रुपयांचा फोन सहा हप्त्यांत घेतलात. वर्षाला १५ टक्के दर धरला, तर किंमतीतून सुमारे १,२७० रुपये आधीच वजा दाखवतात आणि उरलेल्या २८,७३० वर बँक तेवढंच व्याज लावते. हप्ता बरोब्बर ५,००० चा बसतो, म्हणून व्याज डोळ्यांना दिसत नाही. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे २२९ रुपये. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर जीएसटीसकट आणखी २३५. शिवाय रोखीवरची सूट बऱ्याचदा हातची जाते.

चार-पाचशे रुपयांनी कोणी बुडत नाही, मान्य. मोठा तोटा वेगळाच आहे: स्क्रीनवर ३०,००० ऐवजी ५,००० दिसतात आणि घ्यायचं ठरलेलंच नव्हतं ते घरात येतं. म्हणून बटण दाबण्याआधी पूर्ण किंमत कागदावर लिहा, त्याखाली सध्या चालू असलेल्या हप्त्यांची बेरीज मांडा, आणि वस्तू एक रात्र कार्टमध्येच राहू द्या. दुकानात असाल तर हप्त्याचा विषय निघण्याआधी विचारा, “रोख घेतला तर केवढ्याला द्याल?”