स्थळवाचक इंग्रजी षष्ठी

दुकान, घर, शाळा किंवा चर्च यांचा उल्लेख करताना मालकाच्या, व्यावसायिकाच्या वा संताच्या नावाला षष्ठीचा प्रत्यय लावून पुढचे नाम गाळण्याची इंग्रजीतील पद्धत. ‘खाटकाचे’, ‘दंतवैद्याचे’, ‘काकांचे’ एवढे म्हटले की दुकान, दवाखाना, घर हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे. लंडनचे सेंट पॉल्स हे कॅथीड्रल याच घडणीचे. ही सवय इतकी मुरलेली आहे, की टेस्को या सुपरमार्केटच्या नावात षष्ठी नसतानाही इंग्लंडमध्ये सर्रास ‘टेस्कोज’ म्हणतात. लेखनातले षष्ठीचे चिन्ह, म्हणजे ‘s’आधीचा अपॉस्ट्रॉफी (’), मात्र सगळीकडे टिकलेले नाही. लंडनचे हॅरड्स हे दुकान ते लावत नाही, वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्रेत्यांनी २०१२ मध्ये काढून टाकले, मॅकडोनल्ड्सने ठेवले.

पुण्यात ही रूपे रोजच्या बोलण्यात आहेत ती विशेषतः कॅम्पातल्या शाळांमुळे: बिशप्स (१८६४), सेंट मेरीज (१८६६). देवनागरीत चिन्हाचा वादच उरत नाही. उलट, इंग्रजी लिपी जे झाकते ते देवनागरी उघड करते. इंग्रजीत दोन्हीकडे अक्षर एकच; पण ‘बिशप्स’मध्ये अघोष ‘प’नंतर ‘स’ येतो, ‘मेरीज’मध्ये स्वरानंतर ‘ज’, तोही ‘जाळे’तला, ‘जीव’मधला नव्हे. मराठी कानाला हा प्रत्यय वाटतच नाही, नावाचाच तुकडा वाटतो. म्हणून त्यावर मराठी प्रत्यय बिनदिक्कत चढतो. ‘ती बिशप्सची मुलं’ या तीन शब्दांत दोन भाषांच्या दोन षष्ठ्या एकावर एक बसल्या आहेत.

मराठीची स्वतःची सोय याहून देखणी आहे: सामान्यरूप आणि ‘कडे’. वाण्याकडे, न्हाव्याकडे, मामांकडे. इथेही दुकान आणि घर गळलेलेच. १९५० पासूनच्या चितळ्यांच्या दुकानावर पाटी ‘चितळे बंधू मिठाईवाले’ अशी, पण घरातून सांगणे येते ते, “येताना चितळ्यांकडून पाव किलो बाकरवडी आण.” ‘चितळ्यां’ या रूपात माणसे आहेत, त्यांचा आदरही आहे. ‘चितळेमधून आण’ म्हटले की नुसती पाटी उरते. हे दुसरे रूप अलीकडे वरचेवर कानी पडते आणि ऐकताना खरोखर हळहळ वाटते. वानवडीतली महादजी शिंद्यांची समाधी म्हणजे ‘शिंद्यांची छत्री’. इंग्रजीत तिचे ‘शिंदे छत्री’ होते, षष्ठी तिथेच गळते, आणि तेच रूप मग मराठी तोंडी परत येते.