न्यूटनी परावर्तक दुर्बीण : खगोलछायाचित्रणासाठी जुळवणी आणि फेरबदल

न्यूटनी परावर्तक दुर्बिणीत नळीच्या तळाचा मुख्य आरसा प्रकाश एकवटतो आणि तोंडाजवळचा तिरका, सपाट दुय्यम आरसा तो नळीच्या बाजूला वळवतो. बाजारात मिळणारी बहुतेक अशी दुर्बीण डोळ्यासाठी आखलेली असते. तिच्यावर कॅमेरा चढवून तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका यांची दीर्घ एक्स्पोजरची छायाचित्रे घ्यायची तर आरशांची जागा, फोकसर (कॅमेरा किंवा आयपीस, म्हणजे डोळा लावायचे भिंग, पुढेमागे सरकवणारा भाग), नळीचा ताठपणा, तापमानाचे नियंत्रण आणि माउंट (दुर्बीण धरून ताऱ्यांमागे फिरवणारी यंत्रणा) यांत बदल करावे लागतात. या नोंदीत हौशी निरीक्षकांत प्रचलित असलेली २०० मिमी व्यासाची, १००० मिमी नाभीय अंतराची, म्हणजे एफ/५ (नाभीय अंतर भागिले व्यास) दुर्बीण उदाहरणादाखल घेतली आहे.

डोळा पुष्कळ दोष पोटात घालतो. तो मध्यभागाकडे पाहतो, कडेचे वाकडे तारे त्याला खुपत नाहीत आणि फोकस किंचित हलला तरी तो स्वतःला सावरून घेतो. सेन्सर काहीच सावरत नाही. तीन-चार मिनिटांत नळी वाकली, आरसा सरकला, हवा तापली किंवा माउंट मागे पडला, तर ते सगळे एकाच चित्रात साठत जाते. म्हणून या कामात क्रमाला फार महत्त्व आहे : आधी यांत्रिक पक्केपणा, मग आरशांची जुळवणी, मग फोकस, आणि या तिन्हींची खात्री झाल्यावरच दुरुस्तीची भिंगे व महागडा कॅमेरा. प्रत्यक्षात नेमका उलटा क्रम धरला जातो आणि पुष्कळ पैसा वाया जातो.

इतिहास

आयझॅक न्यूटनने १६६८ मध्ये पहिली परावर्तक दुर्बीण बनवली, तेव्हा तिचा आरसा तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचा होता. तो लवकर काळवंडे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात काचेवर चांदीचा मुलामा देण्याची रीत आली आणि परावर्तक दुर्बीण छायाचित्रणाच्या योग्यतेची झाली. इंग्लंडमधील अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची परावर्तकातून १८८३ मध्ये मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. त्यात दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारेही उमटले होते. या कामाबद्दल त्यांना १८८४ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

याच दुर्बिणीची पुढची कथा या विषयात सर्वांत बोधक आहे. कॉमन यांनी ती एडवर्ड क्रॉस्ली यांना विकली आणि क्रॉस्लींनी १८९५ मध्ये ती कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेला दिली. तिथे ती काही वर्षे जवळपास पडून राहिली. तिचा माउंट कुचकामी आहे असेच बहुतेकांचे मत होते. १८९८ मध्ये वेधशाळेचे संचालक झालेल्या जेम्स कीलर यांनी मात्र ती हाती घेतली. इंग्लंडचे अक्षांश पन्नासच्या वर, तर लिक वेधशाळेचे सुमारे ३७. म्हणजे ध्रुवीय अक्षाचा (पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवायच्या माउंटच्या अक्षाचा) कल बदलल्याशिवाय काम होणेच शक्य नव्हते. कीलर यांनी अक्ष, चालक घड्याळ, आरशांची जुळवणी यांवर चिकाटीने मेहनत घेतली. आरसा तोच राहिला, पण त्यातून निघालेल्या छायाचित्रांनी सर्पिल तेजोमेघ आकाशात किती विपुल आहेत हे दाखवून दिले. या दुर्बिणीच्या आवाक्यात असे सुमारे १,२०,००० तेजोमेघ असावेत असा अंदाज त्यांनी केला. त्यांतले बहुतेक स्वतंत्र दीर्घिका आहेत हे पुढे कळले. कीलर १९०० मध्ये वारले. नव्या आरशावर खर्च करण्याआधी जुन्या दुर्बिणीचा माउंट सुधारावा, याचे इतके ठसठशीत उदाहरण दुसरे नाही.

महाराष्ट्रातही मोठा परावर्तक त्याच काळात आला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्याकडे २० इंची परावर्तक दुर्बीण होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाल्यावर ती कोडाईकनालला गेली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (स्थापना १९४४), मुंबईचे खगोल मंडळ आणि पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या दुर्बीण-निर्मिती कार्यशाळा यांमुळे हाताने आरसा घासून न्यूटनी दुर्बीण बनवणाऱ्यांची परंपरा राज्यात आजही आहे. स्वतः आरसा घासलेल्या माणसाला पुढे आलेले फेरबदल सहज समजतात, कारण दुर्बिणीतला प्रत्येक मिलिमीटर कुठून आला हे त्याला ठाऊक असते.

फोकस बाहेर काढणे

डीएसएलआर (भिंग काढता येणारा डिजिटल कॅमेरा) जोडल्यावर पहिली अडचण ही येते की तारा स्पष्टच होत नाही. फोकसर पूर्ण आत ढकलला तरी प्रतिमा सेन्सरच्या अलीकडेच तयार होते. डोळ्याच्या आयपीसला प्रतिमा नळीबाहेर थोड्याच अंतरावर लागते. कॅननच्या कॅमेऱ्यात मात्र सेन्सर पुढच्या कड्यापासून ४४ मिमी आत असतो आणि त्यात टी-रिंगचे (कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या कडीचे) ११ मिमी मिळवावे लागतात.

यावर बार्लो, म्हणजे नाभीय अंतर वाढवणारे भिंग लावणे हा सोपा पण महाग पडणारा मार्ग आहे. दुप्पट बार्लोने एफ/५ ची एफ/१० होते आणि तेजोमेघासाठी चौपट एक्स्पोजर लागते. ग्रहांच्या छायाचित्रणाला बार्लो हवाच असतो, अंधुक वस्तूंना तो परवडत नाही. बुटका फोकसर बसवला तर एक-दोन सेंटिमीटर मिळतात. ते पुरले नाहीत तर मुख्य आरसा नळीत पुढे आणावा लागतो. आरसा ३० मिमी पुढे आला की प्रतिमाही ३० मिमी बाहेर येते. लांब बोल्ट लावून आरसा उचलण्याची युक्ती बरेच जण करतात, पण लांब बोल्टांवर आरसा डुलतो. संपूर्ण बैठकच पुढे सरकवून नळीला नवी भोके पाडावीत हे बरे. फोकसरची आतली नळी प्रकाशाच्या वाटेत घुसत असेल तर ताऱ्याच्या वर्तुळाला खाच पडते. आरसा पुढे आणल्यावर फोकसर अधिक बाहेर राहतो, त्यामुळे हा दोषही बहुधा जातो.

याची किंमत दुय्यम आरसा मोजतो. प्रतिमा नळीच्या अक्षापासून २०० मिमी दूर पडणार असेल तर एफ/५ चा प्रकाशशंकू दुय्यम आरशापाशी २०० भागिले ५, म्हणजे ४० मिमी रुंद असतो. मधल्या १५ मिमी क्षेत्राला पूर्ण प्रकाश हवा असेल तर त्यात सुमारे १२ मिमी वाढतात आणि लंबवर्तुळाकार दुय्यम आरशाचा लघुअक्ष (आखूड व्यास) ५२ मिमी लागतो. व्यासाने हा अडथळा २६ टक्के, क्षेत्रफळाने जेमतेम ७ टक्के होतो. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरचा कर्ण सुमारे २७ मिमी असतो. त्याच्या कोपऱ्यांपर्यंत पूर्ण उजेड पोचवण्याचा हट्ट धरून आरसा आणखी वाढवण्यात अर्थ नाही. कोपऱ्यांतली मंदता फ्लॅट चित्रांनी (सारख्या उजळलेल्या पृष्ठभागाच्या चित्रांनी) नीट दुरुस्त होते.

ताठपणा

कॅमेरा, भिंग आणि फिल्टर मिळून सहज दीड किलो होतात. पातळ पत्र्याच्या नळीवर एवढे ओझे फोकसरपाशी लटकले की पत्रा वाकतो. दुर्बीण आकाशात जिकडे वळेल तसा तो वेगळा वाकतो, आणि मग एका दिशेला केलेली जुळवणी दुसऱ्या दिशेला टिकत नाही. याची चाचणी सोपी आहे : फोकसरमध्ये लेसर लावून नळी माथ्याकडे आणि मग क्षितिजाकडे झुकवावी. आरशावरचा लाल ठिपका भटकत असेल तर कुठेतरी ढिलाई आहे. फोकसरखाली नळीच्या आतून दोन-तीन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी बसवणे, मुख्य आरशाखालच्या मऊ स्प्रिंगा काढून कडक घालणे, दुय्यम आरसा धरणाऱ्या पात्यांचा ताण सारखा करणे, हे तीन उपाय बहुतेक दुर्बिणींना पुरतात.

आरसा धरणाऱ्या चिमट्यांबाबत मात्र उलटे आहे. ते घट्ट आवळले तर काच दबते आणि तारे तिकोनी दिसतात. चिमटा आणि काच यांत कागद सरकेल एवढी फट हवी. पात्यांमुळे तेजस्वी ताऱ्यांना चार किरणे फुटतात, हा दोष नव्हे, पण समोरासमोरची पाती एका रेषेत नसतील तर किरण दुभंगतो.

आरशांची जुळवणी

कॉलिमेशनची, म्हणजे आरशांच्या जुळवणीची, भीती वाटण्यासारखे त्यात काही नाही, मात्र पायऱ्या उलटसुलट करून चालत नाही. प्रथम दुय्यम आरसा फोकसरच्या बरोबर खाली, गोल दिसेल असा आणावा. मग त्याचा कल असा करावा की मुख्य आरशाचे सर्व चिमटे त्यात दिसतील आणि फोकसरचा अक्ष मुख्य आरशाच्या मध्यखुणेवर पडेल. शेवटी मुख्य आरशाचे स्क्रू फिरवून मध्यखुणेचे प्रतिबिंब चेशायर आयपीसच्या (जुळवणी तपासण्याच्या साध्या नळीच्या) वर्तुळात आणावे. पहिली पायरी गाळून थेट लेसरवर विसंबणाऱ्यांची चित्रे एका कोपऱ्यात कायम बिघडलेली असतात, कारण दुय्यम आरसा जागेवरून सरकलेला असला तरी लेसरचा परतीचा ठिपका निमूटपणे मध्यावर येऊ शकतो. शिवाय स्वस्त लेसर स्वतःच तिरका असतो. तो टेकूवर ठेवून फिरवावा. दूरच्या भिंतीवरचा ठिपका गोल फिरला तर आधी लेसर दुरुस्त करावा.

इतका काटेकोरपणा का लागतो हे आकड्यांत दिसते. अन्वस्तीय आरशाच्या अक्षाभोवती कोमादोषापासून जवळपास मुक्त असलेल्या क्षेत्राचा व्यास नाभीय गुणोत्तराच्या घनाप्रमाणे बदलतो. एफ/८ ला तो सुमारे ११ मिमी असतो, एफ/५ ला २.८ आणि एफ/४ ला अवघा १.४ मिमी. एफ/४ ची दुर्बीण चौकटीत अधिक आकाश घेते आणि वेळ वाचवते हे खरे, पण नवशिक्याने ती पहिली दुर्बीण म्हणून घेऊ नये.

या क्षेत्राबाहेर ताऱ्यांना शेपट्या फुटतात आणि त्यासाठी कोमा करेक्टर हा दुरुस्तीच्या भिंगांचा संच लागतो. तो सेन्सरपासून ठरावीक अंतरावर, बहुतेक नमुन्यांत ५५ मिमीवर, बसावा लागतो. कॅननचे ४४ आणि टी-रिंगचे ११ मिळून हा आकडा आपोआप जमतो. वेगळा खगोल कॅमेरा असेल तर कड्या मोजून लावाव्यात. पॅराकॉरसारखे काही करेक्टर नाभीय अंतर सुमारे १५ टक्के वाढवतात.

फोकस आणि तापमान

एफ/५ ला फोकसची सूट दोन्ही बाजूंना सुमारे २८ मायक्रॉन, एफ/४ ला सुमारे १८ मायक्रॉन असते. दात्यांच्या साध्या फोकसरने ही अचूकता हाताला साधत नाही. दहास एक असे मंद गतीचे चाक असलेला क्रेफर्ड पद्धतीचा (दात्यांऐवजी घर्षणावर सरकणारा) फोकसर आणि बाख्तिनोव मुखवटा (फोकस तपासण्यासाठी नळीच्या तोंडाला लावायची खाचांची जाळी) ही जोडी यावर चांगला उपाय आहे. एवढ्यावर काम संपत नाही, कारण पोलादी नळी दर अंशाला मीटरमागे १२ मायक्रॉन आकसते. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यात दुपारी तीसच्या आसपास असलेला पारा पहाटे बाराच्या खाली जातो. तीन अंश उतरले की एफ/५ ची सूट संपलेली असते. म्हणून दर तासाला फोकस तपासावा.

आरशाची काचही हवेइतकी गार व्हायला वेळ घेते आणि तोवर तिच्यावर ऊबदार हवेचा थर थरथरत राहतो. आरशामागे १२ व्होल्टचा संगणकातला पंखा रबरावर टांगला तर हा वेळ पुष्कळ कमी होतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर दव हा मोठा शत्रू. नळीच्या तोंडाला व्यासाच्या दीडपट लांबीचे काळे आवरण आणि दुय्यम आरशामागे छोटा हीटर लावावा. फोकसरसमोरची नळीची भिंत काळ्या मखमली कागदाने मढवावी. गावाबाहेरच्या दिव्यांचा तिरका प्रकाश तिथेच आदळतो.

माउंट

१००० मिमी नाभीय अंतर आणि ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर एका पिक्सेलवर सुमारे ०.७८ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) आकाश पडते. एवढ्या बारकाईने मागोवा घ्यायचा तर विषुववृत्तीय माउंट (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणारा) आणि ऑटोगायडर (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल आपोआप सावरणारा कॅमेरा) दोन्ही लागतात. न्यूटनी दुर्बिणीत मुख्य आरसा बैठकीत किंचित सरकतो आणि वेगळ्या गायड दुर्बिणीला ते कळतच नाही, म्हणून मुख्य प्रकाशशंकूतूनच तारा घेणारा ऑफ-ॲक्सिस गायडर श्रेयस्कर. माउंटच्या कागदोपत्री क्षमतेच्या साधारण निम्मेच वजन चढवावे. लांब नळी वारा फार धरते.

पुण्यात ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम साडेअठरा अंश असतो. तो धुरक्यात बुडतो, टेकडीआड जातो आणि काही माउंटांत एवढ्या कमी अक्षांशाला वजनाचा दांडा तिकाटण्याच्या पायाला अडतो. माउंटखाली उंचीचा खांब घालणे हा त्यावरचा उपाय. ध्रुवतारा दिसतच नसेल तर दक्षिणेकडील आणि पूर्वेकडील ताऱ्यांचे सरकणे पाहून अक्ष जुळवण्याची जुनी पद्धत वापरावी. ती वेळखाऊ असली तरी पूर्ण विश्वासार्ह आहे.

कॅमेऱ्यात करण्याजोगा एकच फेरबदल सांगण्यासारखा आहे. साध्या डीएसएलआरमधील फिल्टर हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचा बराच भाग अडवतो. तो काढून योग्य फिल्टर बसवला की मृगातील तेजोमेघाचा लाल रंग खुलतो. दीर्घिकांना याची फारशी गरज नसते.

पावसाळ्यातील निगा

जून ते सप्टेंबर दुर्बीण बंद असते आणि आरशांचे खरे नुकसान याच काळात होते. ओलाव्याने बुरशी धरते, किनाऱ्यावर खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमच्या थराला ठिपके पडतात. सिलिका जेलसह हवाबंद ठेवणे आणि महिन्यातून एकदा जेल वाळवणे पुरेसे असते. धूळ दिसली म्हणून आरसा पुसू नये. थोड्या धुळीने चित्र बिघडत नाही, कापडाने थर मात्र नक्की खरवडतो. धुवायचाच तर वाहत्या पाण्याने, मग ऊर्ध्वपातित पाण्याने, हात न लावता. थर फारच गेला तर आरसा नव्याने मुलाम्याला द्यावा लागतो. परत आलेल्या आरशावर मध्यखूण नसते, ती मोजून पुन्हा चिकटवावी आणि जुळवणी पहिल्या पायरीपासून करावी.